राणीच्या पुतळ्यावरचं डांबर काढणाऱ्या प्राध्यापकाने कॉलेजच्या प्रयोगशाळेतून कारखाने उभे केले

ऑक्टोबर १८९६. मुंबईत एस्प्लनेड भागात व्हिक्टोरिया राणीचा संगमरवरी पुतळा होता. एका सकाळी लोक फोर्टात कामाला निघाले तर राणीचं तोंड काळं झालेलं. रात्रीतून कुणीतरी त्या पांढऱ्याशुभ्र दगडावर डांबर फासलं होतं आणि गळ्यात जोड्यांची माळ घातली होती. पोलिसांनी बरीच धावपळ केली, पण माणूस काही हाती लागला नाही. पुढे रँडच्या खुनात पकडल्या गेलेल्या दामोदर हरी चापेकरांनी हे काम आपलंच असल्याचं लिहून ठेवलं, तेव्हा कुठे उलगडा झाला.

चापेकरांचा हा किस्सा बऱ्याच जणांना माहीत असतो. मात्र त्या डांबराचं पुढे काय झालं, हे फारसं कुणी सांगत नाही.

तर झालं असं, की डांबर निघेना. संगमरवर हा बारीक छिद्रांचा दगड, त्यात डांबर मुरतं. खरवडायला जावं तर कोरीवकाम जातं आणि ॲसिड लावावं तर दगडच विरघळतो. गोऱ्या तज्ज्ञांनी हात टेकले. शेवटी हे काम एका हिंदी माणसाकडे आलं आणि त्याने पुतळा पुन्हा पांढरा करून दाखवला. एका रात्रीत सगळ्या मुंबईच्या तोंडी त्याचं नाव झालं.

त्यांचं नाव प्रा. त्रिभुवनदास कल्याणदास गज्जर. विल्सन कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायचे.

गंमत म्हणजे १८७२ मध्ये मुंबईत उभा राहिलेला तो पुतळा भेट होती बडोद्याच्या खंडेराव गायकवाडांची. आणि गज्जर मुंबईत आले तेही बडोद्याहूनच. पण गज्जरांची ओळख एवढ्यावर संपवली तर त्यांच्यावर अन्याय होईल. खोकल्यावर घराघरात घेतलं जाणारं ग्लायकोडिन ज्या अलेम्बिक कंपनीचं, ती कंपनी गज्जर आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी उभी केली. ज्या शाळेत दादासाहेब फाळके कॅमेरा आणि छपाईची कला शिकले, ते बडोद्याचं कलाभवनही गज्जरांच्याच डोक्यातून निघालं. कॉलेजने ज्ञान द्यायचं, सरकारने आणि व्यापाऱ्यांनी पैसा घालायचा आणि विद्यार्थ्यांनी कारखाना काढायचा, हे गणित त्यांनी सव्वाशे वर्षांपूर्वी मांडलं होतं.

ते मांडावंसं का वाटलं, हे समजण्यासाठी आधी कापसाकडे जावं लागेल. थेट वऱ्हाडात.

कापूस आपला, रंग त्यांचा

आजच्या वाशीम जिल्ह्यातला मानोरा, कारंजा, मंगरूळपीर हा पट्टा तेव्हा वऱ्हाडात मोडायचा. १८५३ मध्ये निजामाकडून वऱ्हाडचा कारभार इंग्रजांकडे आला, त्यामागे मोठं कारण होतं इथली काळी जमीन आणि तिच्यात पिकणारा कापूस. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, तिकडचा कापूस बंद झाला आणि वऱ्हाडी कापसाला सोन्याचा भाव आला. रेल्वे आली, जिनिंग-प्रेसिंग आले, गाठी मुंबईला जाऊ लागल्या. तिथून काही गाठी गिरण्यांत, बाकीच्या बोटीने विलायतेला.

पण कापूस म्हणजे कापड नाही, आणि कापड म्हणजे रंगीत लुगडं नाही. शेतकऱ्याच्या हातातून निघालेल्या बोंडाची किंमत प्रत्येक पायरीवर वाढत जाते आणि शेवटच्या पायऱ्यांपैकी एक म्हणजे रंग. ही पायरी पूर्वी आपल्याच हातात होती. लाल रंगासाठी वऱ्हाडात आणि मध्य प्रांतात आल नावाचं झाड लावायचे. त्याच्या मुळांतून पक्का लाल रंग निघायचा. मुळं तयार व्हायला तीन-चार वर्षं लागायची, पण पैसा बरा मिळायचा. निळ्यासाठी नीळ, पिवळ्यासाठी हळद आणि पळसाची फुलं. कोणता रंग कोणत्या पाण्यात, किती तुरटीत, किती वेळ, हे रंगाऱ्यांच्या घराण्यांना पिढ्यान्‌पिढ्या माहीत.

मग १८५६ साल उजाडलं. लंडनमध्ये विल्यम पर्किन नावाच्या अठरा वर्षांच्या पोराने मलेरियाचं औषध शोधता शोधता चुकून जांभळा रंग बनवला. कशापासून? कोळशाच्या डांबरातून निघणाऱ्या ॲनिलिनपासून. पर्किन इंग्रज होता, पण या शोधाचं सोनं केलं जर्मनांनी. १८६८ मध्ये तिथल्या रसायनतज्ज्ञांनी अलिझरिन प्रयोगशाळेत तयार केलं. मंजिष्ठातलं लाल रंगद्रव्य ते हेच. डबा उघडला की लाल रंग तयार! मग तीन-चार वर्षं मुळं वाढवणार कोण? काही वर्षांत आलीची शेती बसली.

नीळ मात्र जर्मनांना सहज सापडली नाही. म्युनिकच्या प्राध्यापक बायर यांनी १८८० मध्ये ती प्रयोगशाळेत बनवली, पण कारखान्यात परवडेल अशी करायला बीएएसएफ कंपनीला १८९७ उजाडलं. १७ वर्षं आणि जवळपास १ कोटी ८० लाख मार्क त्यांनी यात ओतले. विद्यापीठातला प्राध्यापक आणि कारखान्याचा मालक एकाच टेबलावर बसले, की काय होतं याचं हे उदाहरण. त्यानंतर थोड्याच वर्षांत हिंदुस्थानातली निळीची शेती कोसळली.

म्हणजे कापूस पिकवणारा आपला आणि नेसणारीही आपली. मधला रंग मात्र ऱ्हाइन नदीकाठच्या कारखान्यांतून येऊ लागला, डब्यावर देवादिकांची चित्रं चिकटवून. रंगाऱ्यांनी तो रंग घेतला, पण वापरायचा कसा हे कुणी शिकवलेलं नव्हतं. जुन्या पद्धतीने नवा रंग लावला की पहिल्या धुण्यालाच उतरायचा. आपल्याकडचे रंग कच्चे, अशी बदनामी सुरू झाली.

सुरतेत वाढणारा एक मुलगा हे सगळं पाहात होता.

सुताराचा मुलगा आणि कवळाण्याचा राजा

त्रिभुवनदासांचा जन्म १८६३ चा, सुरतेचा. गज्जर म्हणजे सुतार. वडील कल्याणदास हे बांधकामातले जाणते, शिल्पशास्त्राचा अभ्यास असलेले. त्यामुळे हाताने काम करणं म्हणजे हलकं, हा त्या काळच्या शिकलेल्या वर्गाचा समज या घरात नव्हता. त्रिभुवनदास मुंबईला एल्फिन्स्टन कॉलेजात शिकले आणि रसायनशास्त्रात चमकले. एवढी हुशारी असलेला माणूस त्या काळी वकील व्हायचा, नाहीतर सरकारी नोकरीत जाऊन मामलेदारीची स्वप्नं बघायचा. गज्जरांच्या डोक्यात होतं तांत्रिक शिक्षण. सुतार, लोहार, विणकर, रंगारी यांच्या मुलांना त्यांच्याच भाषेत विज्ञान शिकवलं, तर कारखाने उभे राहतील, असा त्यांचा हिशेब.

हिशेब चांगला होता, पण तो ऐकणार कोण? इंग्रज सरकारला इथे कारकून हवे होते. रंगाचे कारखाने काढणारे रसायनतज्ज्ञ त्याला कशाला परवडतील?

ऐकणारा माणूस बडोद्यात होता. सयाजीराव गायकवाड. योगायोग बघा, त्यांचाही जन्म १८६३ चाच. नाशिक जिल्ह्यातल्या कवळाणा गावातला शेतकऱ्याघरचा हा मुलगा १८७५ मध्ये बडोद्याच्या गादीवर दत्तक गेला. १८८१ च्या अखेरीस कारभार हातात आला, १८८७ मध्ये पहिल्यांदा युरोप पाहिला. तिथले कारखाने, तिथल्या शाळा बघून सयाजीराव परतले ते डोक्यात प्रश्नांचं मोहोळ घेऊनच. गज्जर त्या सुमारास बडोदा कॉलेजात शिकवत होते. एकाकडे राज्याची तिजोरी, दुसऱ्याकडे आराखडा. दोघंही पंचविशीचे.

जून १८९० मध्ये बडोद्यात कलाभवन सुरू झालं. गज्जर त्याचे प्रमुख.

नाव ऐकून चित्रकलेची शाळा वाटते. तीही होती, पण कला हा शब्द इथे जुन्या अर्थाने घ्यायचा, हस्तकौशल्य आणि कारागिरी. चित्रकला, सुतारकाम, यंत्रकाम, विणकाम आणि गज्जरांचा जीव की प्राण असलेला रंगशास्त्राचा विभाग. या विभागात जे चालायचं ते त्या काळच्या मानाने जगावेगळं होतं. वर्गात मुलं रसायनशास्त्र शिकायची आणि लगेच शेजारी त्याच तत्त्वावर कापड रंगवायची. अमुक रंगाला तुरटी का लागते, पाणी जड असेल तर रंग का बिघडतो, धुतल्यावर टिकायचा तर आधी कापडावर काय चढवायचं, हे सगळं कारणासकट. रंगारी आणि गिरणीवाले आपली अडचण घेऊन येऊ शकत होते. त्यांच्यासाठी 'रंगरहस्य' नावाचं नियतकालिकही निघालं. जे ज्ञान घराण्याबाहेर जाऊ द्यायचं नाही अशी रीत होती, ते छापून विकायला ठेवलं!

आणि भाषा? इथे गज्जर हट्टी होते. तंत्रशिक्षण मातृभाषेतच हवं. आता ॲसिडला काय म्हणायचं, मिश्रणाला काय आणि संयुगाला काय, असे शेकडो प्रश्न उभे राहिले. पुस्तकंच नव्हती. सयाजीरावांनी पाठ्यपुस्तकं आणि परिभाषेच्या कामासाठी पन्नास हजार रुपये मंजूर केले. त्या काळात ही रक्कम फार मोठी. 'सयाजी ज्ञानमंजूषा' या मालेतून शास्त्राची आणि धंद्याची पुस्तकं निघाली. इंजिनिअरिंग मराठीत शिकवता येईल का, यावर आजही आपल्याकडे वाद झडतात. बडोद्यात ते गुजरातीत करून बघायला १८९० मध्येच सुरुवात झाली होती.

याच कलाभवनात नव्वदीच्या दशकात त्र्यंबकेश्वरचा एक मुलगा आला. छायाचित्रण, छपाईच्या पद्धती असं बरंच काही तो इथे शिकला. तोच पुढे 'राजा हरिश्चंद्र' काढणारा धुंडिराज गोविंद फाळके. भारतीय सिनेमाचा इतिहास सांगताना कलाभवनाचा उल्लेख बहुतेक वेळा एका ओळीत उरकला जातो. पण एकाच छताखाली रसायन, यंत्र आणि चित्र शिकायला मिळणं हे फाळक्यांच्या किती कामी आलं असेल, याचा अंदाज बांधता येतो. फिल्म धुणं हेही रसायनशास्त्रच.

जमलं ते, आणि न जमलेलं

कौतुक बरंच झालं, आता अडचणीकडे येऊ.

कलाभवनातून निघालेला मुलगा रंग उत्तम लावायचा. पण तो रंग कुठला होता? जर्मनीचा. म्हणजे शाळा जितकी यशस्वी, तितका जर्मन डब्यांचा खप जास्त. रंगाऱ्यांचं भलं झालं, कापडाची पत सुधारली, हे खरं. पण रंग बनवण्याचा कारखाना इथे उभा राहिला नाही. त्यासाठी कोळशाच्या डांबराचं शुद्धीकरण हवं, गंधकाचं तेजाब टनांनी हवं, संशोधक पगारावर ठेवून वर्षानुवर्षं वाट बघणारा भांडवलदार हवा. बीएएसएफने एका निळीसाठी किती पैसा आणि किती वर्षं घातली ते वर आलंच आहे. त्यापुढे एका संस्थानाची ताकद ती किती! आणि परदेशी मालावर जकात लावून देशी कारखान्याला आडोसा देणं तर संस्थानिकाच्या हातातच नव्हतं.

म्हणजे प्राध्यापक होता, राजा होता, विद्यार्थी होते. कारखाना काढणारा व्यापारी तेवढा जागेवर नव्हता. मुंबई-अहमदाबादचे गिरणीवाले जर्मन रंगावर खूश होते. स्वस्त, खात्रीचा आणि उधारीवर मिळणारा माल सोडून प्रयोगात पैसा घालणार कोण?

१८९६ मध्ये गज्जरांनी बडोदा सोडलं आणि ते मुंबईत विल्सन कॉलेजात रुजू झाले. मग ते पुतळ्याचं प्रकरण. आता लक्षात येईल की हे काम त्यांनाच का जमलं. सगळे नवे रंग मुळात डांबरातून निघायचे आणि गज्जरांचं अर्धं आयुष्य रंगांत गेलेलं. डांबर कशात विरघळतं आणि कशात नाही, हे त्यांच्याइतकं हिंदुस्थानात फार थोड्या लोकांना ठाऊक असेल.

त्याच वर्षी मुंबईत प्लेग आला. शहर रिकामं होऊ लागलं. गज्जरांनी आयोडीनच्या एका संयुगाचा, आयोडीन टरक्लोराइडचा, प्लेगवर औषध म्हणून प्रयोग केला. प्लेगवर खात्रीचा इलाज त्या काळी जगात कुणाकडेच नव्हता, तो पुढे प्रतिजैविकं आल्यावर मिळाला. पण शहरावर संकट आलं की प्रयोगशाळेने दार लावून बसायचं नाही, ही गज्जरांची रीत इथेही दिसते.

गिरगावातली प्रयोगशाळा

१९०० च्या सुमारास गज्जरांनी आपला खरा डाव मांडला. गिरगावात स्वतःची टेक्नो-केमिकल लॅबोरेटरी काढली. सरकारी नाही, संस्थानी नाही, कॉलेजचीही नाही.

ही नक्की काय भानगड होती? एका बाजूने ती शाळा होती. मुंबई विद्यापीठाच्या एम.ए.ला रसायनशास्त्र घेणारी मुलं इथे शिकायला, प्रयोग करायला यायची, कारण वरच्या पातळीचं प्रयोगाचं शिक्षण मिळण्याच्या जागाच मुळात थोड्या. दुसऱ्या बाजूने ती व्यापाऱ्यांसाठी सल्ल्याची जागा होती. कुणाचं तेल खवट होतंय, कुणाला एखाद्या मालाची तपासणी करून हवी आहे, कुणाला नवीन धंदा काढायचा आहे, तर इथे यायचं. तेव्हा आपल्या देशात हे दोन्ही एकत्र करणं नवीन होतं. कलकत्त्यात प्रफुल्लचंद्र रे यांनी १८९२ मध्ये घरातच बंगाल केमिकलची सुरुवात केली होती. जमशेटजी टाटांनी संशोधन संस्थेची कल्पना मांडली होती, पण बंगळूरची ती संस्था १९०९ मध्ये अस्तित्वात आली. त्या आधीच्या दशकात मुंबईत हे काम करणारं गज्जरांचं घर.

पैसा कुठून यायचा? इथेच मोत्यांची गोष्ट येते.

मुंबई तेव्हा मोत्यांची मोठी बाजारपेठ होती. इराणच्या आखातातून, बहारीनच्या बाजूने मोती यायचे, मुंबईत छिद्र पाडून, प्रतवारी करून युरोपला जायचे. यात अनेक मोती पिवळट किंवा डागाळलेले निघायचे आणि त्यांना मातीमोल भाव मिळायचा. मोती म्हणजे मुळात कॅल्शियम कार्बोनेट, संगमरवराचा भाऊच. तेजाबाचा थेंब लागला तर खलास. गज्जरांनी मोत्याला इजा न करता तो उजळ करण्याची रीत शोधली. व्यापाऱ्यांना काय हवं? हेच हवं होतं! पिवळट मोत्यांची पोती गज्जरांच्या दारात येऊ लागली आणि शिक्षकाच्या घरात लाखांनी पैसा आला.

आता इथे एखाद्याने चौपाटीला बंगला बांधून निवांत राहायचं ठरवलं असतं तर कुणी नावं ठेवली नसती. पण गज्जरांची कमाई प्रयोगशाळेच्या आणि विद्यार्थ्यांच्या कामी येत राहिली. मोत्याच्या व्यापाऱ्याच्या खिशातला पैसा गिरगावातल्या एम.ए.च्या पोरांच्या परीक्षानळीपर्यंत पोहोचला तो असा. गिरणीवाल्यांनी जे भांडवल बडोद्याला दिलं नव्हतं, त्याची भरपाई अशी आडवाटेने झाली म्हणायची.

दोन विद्यार्थी आणि एक भट्टी

गज्जरांच्या शिष्यांत दोन नावं महत्त्वाची. एक प्रा. कोटीभास्कर, मराठी माणूस. दुसरे भाईलाल दाजीभाई अमीन, चरोतरच्या पाटीदार समाजातले, रसायनशास्त्र शिकलेले आणि धंद्याचं उपजत अंग असलेले. दोघांनी परळला छोट्या प्रमाणावर सुरुवात केली. पण मोठं काही करायचं तर जागा, भांडवल आणि सरकारची परवानगी हवी.

यात परवानगी फार महत्त्वाची होती. कारण त्यांना बनवायचा होता स्पिरिट, म्हणजे अल्कोहोल.

दारू प्यायला नाही, औषधाला. टिंक्चर आयोडीनपासून कितीतरी औषधं अल्कोहोलमध्ये विरघळवूनच बनतात. ज्याच्याकडे शुद्ध अल्कोहोल नाही, तो औषधाचा कारखाना काढू शकत नाही. आणि अल्कोहोल म्हटलं की अबकारी खातं आलं, कर आला, परवाने आले. ब्रिटिश मुलखात विलायती औषधांशी स्पर्धा करत हे सगळं सांभाळणं कठीण. बडोदा संस्थानात मात्र अबकारी कारभार सयाजीरावांच्या सरकारचा. शिवाय राजा ओळखीचा आणि उद्योगाला अनुकूल.

३० जुलै १९०७ रोजी बडोद्यात अलेम्बिक केमिकल वर्क्स सुरू झाली. अलेम्बिक म्हणजे जुन्या किमयागारांचं ऊर्ध्वपातनाचं भांडं, अर्क काढायचं. नाव ठेवणारा माणूस रसायनशास्त्राचा मास्तर आहे, हे न सांगताही कळतं. गज्जरांचं मार्गदर्शन, कोटीभास्करांचं शास्त्र आणि अमीन यांचा कारभार. स्वदेशीची चळवळ तेव्हा भरात होती, देशी मालाला लोकांचा पाठिंबा होता. पुढच्याच वर्षी, १९०८ मध्ये, सयाजीरावांनी बँक ऑफ बडोदा काढली. आता बडोद्यात तंत्रशाळा होती, रसायनांचा कारखाना होता आणि उद्योगाला कर्ज देणारी बँकही होती.

आज सिलिकॉन व्हॅलीची गोष्ट सांगताना स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या फ्रेडरिक टरमन या प्राध्यापकाचं नाव हमखास येतं. नोकरीसाठी पूर्वेकडे जाऊ नका, इथेच कंपनी काढा, म्हणून त्यांनी विद्यार्थ्यांच्या मागे लकडा लावला आणि १९३९ मध्ये ह्यूलेट-पॅकार्ड जन्माला आली. अलेम्बिक त्याच्या ३२ वर्षं आधीची. अर्थात दोन्हींची बरोबरी करण्यात अर्थ नाही. टरमन यांच्या मागे पुढे अमेरिकन सरकारचा लष्करी पैसा उभा राहिला. गज्जरांच्या मागे एक संस्थानिक आणि काही पोती मोती.

१९१४ मध्ये पहिलं महायुद्ध सुरू झालं आणि गज्जर वीस-पंचवीस वर्षं जे सांगत होते ते गिरणीवाल्यांना एका फटक्यात कळलं. जर्मनीची जहाजं थांबली. रंग मिळेना, जो मिळेल त्याचे भाव आभाळाला. औषधांचीही तीच गत. अलेम्बिकसारख्या देशी कारखान्यांना मात्र याच काळात बाजार मिळाला, कारण डॉक्टरांना आणि इस्पितळांना दुसरा पर्यायच उरला नव्हता. औषधात जे जमलं होतं ते रंगात न जमल्याची किंमत मुंबईच्या गिरण्यांनी रोख मोजली.

जुलै १९२० मध्ये गज्जर गेले. वय अवघं ५६-५७.

नंतरची गोष्ट

गज्जरांचं राहिलेलं काम तुकड्यातुकड्याने होत गेलं. मुंबई विद्यापीठाने १९३३ मध्ये रासायनिक तंत्रज्ञानाचा विभाग काढला, तोच पुढे यूडीसीटी म्हणून देशभर गाजला. तिथे पहिल्या विषयांत कापडाचं रसायनशास्त्र होतं आणि त्यामागे मुंबईच्या कापड उद्योगाची गरज होती. १९१४ चा धडा गिरणीवाले विसरले नव्हते. रंग मोठ्या प्रमाणावर इथेच बनवण्यासाठी मात्र स्वातंत्र्यापर्यंत थांबावं लागलं. कस्तुरभाई लालभाईंनी १९४७ मध्ये वलसाडजवळ अतुल कंपनी स्थापन केली, परदेशी कंपन्यांशी तंत्रज्ञानाचे करार करून.

बडोद्यात काय झालं? कलाभवन १९४९ मध्ये महाराजा सयाजीराव विद्यापीठात सामील झालं, आज तिथे तंत्रज्ञान आणि अभियांत्रिकीची विद्याशाखा आहे. अलेम्बिक वाढत गेली, साराभाई केमिकल्स आली. साठच्या दशकात कोयलीची रिफायनरी, मग खतांचा कारखाना, मग आयपीसीएल. आज वडोदरा म्हटलं की औषधं आणि रसायनं डोळ्यांपुढे येतात. रिफायनरीला तेल लागतं आणि ते गुजरातच्या जमिनीत सापडलं, त्याचं श्रेय गज्जरांना देता येणार नाही. पण तेल सापडलं तेव्हा यंत्र आणि रसायन कळणारी माणसं गावात आधीपासून होती. ती तयार करणारी संस्था तोवर सत्तर वर्षांची झाली होती.

आणि वऱ्हाड? इथला कापूस गाठीच्या रूपानेच बाहेर जात राहिला. पण या बाजूलाही एका माणसाला गज्जरांसारखंच काहीतरी सुचलं होतं. नागपूरजवळच्या कामठीचे रावबहादूर डी. लक्ष्मीनारायण, मँगनीजच्या खाणींचे मालक. खाणीतून कच्चं खनिज काढायचं आणि बोटीने परदेशी पाठवायचं, हाच त्यांचा धंदा. कच्चा माल बाहेर गेला की मागे किती थोडं उरतं, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक असणार! १९३० मध्ये ते वारले तेव्हा मृत्युपत्रात त्यांनी आपल्या संपत्तीतला मोठा वाटा, सुमारे ३५ लाख रुपये, मध्य प्रांत आणि वऱ्हाडातल्या तरुणांना उपयोजित विज्ञान शिकवण्यासाठी नागपूर विद्यापीठाच्या नावे केला होता.

त्या पैशांतून १९४२ मध्ये लक्ष्मीनारायण इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी उभी राहिली. रासायनिक अभियांत्रिकी आणि तेल तंत्रज्ञान हे तिथले सुरुवातीपासूनचे विषय. तेल तंत्रज्ञान का, तर सरकी, जवस, भुईमूग ही इथल्या शेतातली पिकं. मानोऱ्याच्या शेतातला कापूस जिनिंगला गेला की मागे उरते ती सरकी, तिचं काय करायचं याचं शास्त्र नागपुरात शिकवलं जाऊ लागलं. ऐंशी वर्षं नागपूर विद्यापीठाचा भाग राहिलेल्या या संस्थेला अलीकडे स्वतंत्र विद्यापीठाचा दर्जा मिळाला. नावात लक्ष्मीनारायण अजून आहेत.